म्हणे, मराठी लिहितो तशीच बोलतो!

मराठी भाषा दिन जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं म्हणणं असं : मराठीत एक अक्षर, एक उच्चार, बोलताना अक्षरं गिळणं हा निव्वळ आळस, आणि इंग्रजीतल्या 'बट'-'पुट'ला ना शेंडा ना बुडखा. अभिमान असावा, पण यातलं एकही विधान टिकत नाही.

एक अक्षर, एक उच्चार? 'माझा' म्हणा, मग 'माझी' म्हणा. झ लिहायला तोच. पहिला दंततालव्य (जीभ दातांजवळ), दुसरा तालव्य (जीभ टाळूला). 'आमचा-आमची'चंही तेच. मुळातला ध्वनी जपावा ही एक ओढ, पुढच्या 'ई'साठी जीभ आधीच टाळूकडे सरकते ही दुसरी. मराठीत इथे दुसरीची सरशी होते.

आळसाच्या आरोपाकडे जरा नीट बघू. 'कापड' म्हणताना ड मधला अ जातो, प मधला राहतो. तोही गेला तर शेवटी 'प्ड्' उरेल, आणि ते मराठी जिभेला चालत नाही. आता 'कापडात' म्हणा. ड ला आ मिळाला, त्याबरोबर प मधला अ उडाला : 'काप्डात'. आळसच असता तर आधीच 'काप्ड्' म्हणून मोकळे झालो असतो! 'मित्र', 'चंद्र' यांतला शेवटचा अ तर आपण ठेवतोच. अ गाळावा ही एक अट, अवघड जोडणी नको ही दुसरी. भांडणात कुणाचं चालणार हे भाषेत ठरलेलं असतं. अ‍ॅलन प्रिन्स आणि पॉल स्मोलेन्स्की या भाषेच्या अभ्यासकांनी १९९३ मध्ये हाच विचार सिद्धांत म्हणून मांडला : अटी सगळ्या भाषांना त्याच, त्यांचा मानाचा क्रम मात्र प्रत्येकीचा वेगळा. (मनाचे श्लोक म्हणताना वृत्ताची अट वरचढ ठरते आणि 'राम' चक्क 'रा-म' होतो. तेव्हा आळस कुठे जातो?)

राहिलं बट-पुट. दोन्हींत पूर्वी एकच ऱ्हस्व उ होता. सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये तो बऱ्याच शब्दांत 'अ'कडे झुकला. पण मागे प, फ, ब आणि पुढे ल असला की ओठांचा गोलावा बहुधा टिकला : पुल, फुल, बुल. 'पुट'मध्ये पुढे ल नसूनही तो टिकला, 'बट' मात्र ब असूनही निसटला, हे खरं. उत्तर इंग्लंडमध्ये ही फाटाफूट झालीच नाही. तिथल्या बोलींत 'बट' आणि 'पुट' यांचं आजही यमक जुळतं.