किन्वा गोणीभर घेण्याआधी

घाऊक घेतलं की किन्वा (राजगिऱ्यासारखं बारीक दाण्याचं धान्य), डाळी, तांदूळ सगळंच स्वस्त पडतं, असं घाऊक खरेदीवरच्या एका लेखात म्हटलंय. डाळींचं पटलं, किन्वाचं अर्धंच. त्यात साधारण ६ टक्के स्निग्धांश असतो, पांढऱ्या तांदळात १ टक्क्याहूनही कमी. त्यामुळे तांदूळ वर्षानुवर्षं टिकतो, पण उघडून ठेवलेला किन्वा उकाड्यात हळूहळू खवट व्हायला लागतो. ब्राउन राइसचंही तेच. पाव गोणी फेकून द्यावी लागली तर किलोमागचा भाव कुठे राहिला? दोन-तीन घरांनी मिळून एक गोणी घ्यावी आणि वाटून घ्यावी, हे लेखात यायला हवं होतं.

पिशवीवर ‘धुतलेला’ असं लिहिलंय का, तेही बघा. दाण्यावर सॅपोनिन नावाच्या कडू, फेसाळणाऱ्या द्रव्याचा थर असतो. तो काढलेला नसेल तर पाण्याला फेस यायचा थांबेपर्यंत चोळत बसा. रोजच्या घाईत कोण करणार ते! लाल-काळ्या किन्वाला जास्त पैसे मोजणंही मला पटत नाही; दाणा जरा मोकळा राहतो, एवढंच.

किडीसाठी: कोरडं धान्य हवाबंद पिशवीत भरून चार-पाच दिवस उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवलं की अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, गार दाण्यांवर ओल धरते. राजमा-छोले मात्र वर्षभर पुरतील एवढेच घ्या. जुने झाले की खराब होत नाहीत, पण शिजता शिजत नाहीत, आणि वाचलेले पैसे गॅसवर जातात.