मोडलेला बँड आणि महाअंतिम फेरी

लहान मुलांच्या गाण्याचा नवा कार्यक्रम टीव्हीवर लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. मावशी म्हणते, पोरांचं बालपण नासवतायत. मामा म्हणतो, असं व्यासपीठ मिळायला नशीब लागतं. मी व्हँकुव्हरहून दोघांचंही वाचते आणि मला मात्र इथला एक पोरगा आठवतो, फिन वुल्फहार्ड.

नेटफ्लिक्सच्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेतला माइक म्हणून २०१६ मध्ये तो जगभर पोचला, तेव्हा जेमतेम १३ वर्षांचा होता. जन्म, शाळा, सगळं व्हँकुव्हरचं. थोरला भाऊ निक ॲनिमेशनला आवाज देणारा. फिनला पहिलं काम मिळालं ते क्रेगलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळावरच्या जाहिरातीतून. मग 'द हंड्रेड', 'सुपरनॅचरल' अशा मालिकांत एखाद्या भागापुरती कामं. या मालिकांचं शूटिंग इथेच चालायचं, त्यामुळे गोरेगावच्या मुलाला फिल्मसिटी जवळ पडावी तसं त्याचं झालं.

पण मला त्याचा बँड जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्याच वयाच्या तिघांना घेऊन त्याने 'कॅलपर्निया' काढला. २०१८ मध्ये 'स्काउट' हा सहा गाण्यांचा छोटा अल्बम आला आणि २०१९ च्या नोव्हेंबरात बँड मोडलासुद्धा. खरं सांगायचं तर गाणी बेतास बात होती. फिनच्या आवाजाला आपल्याकडे पहिल्या फेरीतच नारळ मिळाला असता. पण गाणी त्यांची स्वतःची होती. बँड मोडल्यावर त्याने त्याच ड्रमर मित्राबरोबर 'द ऑब्रीज' काढला आणि २०२५ मध्ये एकट्याचा अल्बम केला.

आता झी मराठीच्या 'सारेगमप'मधले आपले २००८-०९ चे लिटिल चॅम्प्स आठवा. कार्तिकी, आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित. गळ्याच्या तयारीत फिन त्यांच्या जवळपासही येत नाही. आर्या आंबेकर घरीच आईकडे शिकलेली. पुढे २०१७ मध्ये 'ती सध्या काय करते'मधून पडद्यावरही आली. २०२१ मध्ये तर हेच पाच जण नव्या मुलांच्या परीक्षकांच्या खुर्च्यांत बसले. म्हणजे मावशीची भीती या पाचांच्या बाबतीत तरी खोटी ठरली.

तरीही माझी तक्रार आहेच. त्या मंचावर मुलं गायली ती बहुतेक मोठ्यांची गाणी, मोठ्यांच्या हरकतींसकट. जितकी नक्कल हुबेहूब, तितकी दाद जास्त. दहा वर्षांच्या मुलीने स्वतः बांधलेली वेडीवाकडी चाल ऐकायची तयारी ना वाहिनीची होती, ना एसएमएस पाठवणाऱ्या आपली.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. चाहते सहकलाकारांनाही छळायला लागले, तेव्हा फिनला कोवळ्या वयात जाहीरपणे 'हे थांबवा' म्हणावं लागलं. आणि कायद्याच्या बाबतीत आपण मागासलेले आहोत हा इथल्या देशी मंडळींचा आवडता समज साफ चुकीचा आहे. आपल्या २०१७ च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला ५ तासांहून जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांहून जास्त नाही, आणि कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावे लागतात. हॉलीवूड ज्या राज्यात आहे त्या कॅलिफोर्नियात हेच प्रमाण १५ टक्के आहे. मामाने वाहिनीची बाजू घेताना एकदा तरी विचारावं, ही ठेव होते का, आणि तपासतं कोण?

मला विचाराल तर कार्यक्रम बंद करू नका. पण आठवड्यातला एक भाग मुलांच्या स्वतःच्या गाण्यांना द्या. त्या दिवशी गुण नकोत, मतं नकोत, बाद होणं नको. टीआरपी पडेल म्हणता? एवीतेवी निम्मा वेळ आईबापांचे डोळे पुसण्यातच जातो, त्यातलाच थोडा कापा.