पूर्वज आधी, पुरावा मागून

घराण्याचा इतिहास लिहायला घेताय? मग सरकारी पुराभिलेखागाराची पायरी चढण्याआधी मूळ पुरुष कोण हवा ते घरीच ठरवून टाका. सेनापती, दिवाण, गेलाबाजार एखादा विद्वान. कागदांतून जो निघेल तो पूर्वज मानायचा, ही खोड इतिहासकारांची.

तिथे पोचलात की थेट सांगा, "आमच्या घराण्याची फाइल काढा." टेबलापलीकडचा माणूस म्हणेल, कागद घराण्यांनुसार नसतात, ज्या खात्यात तयार झाले त्या खात्यानुसार लावलेले असतात, पूर्वज कुठे राहत, जमीन होती की नोकरी, ते सांगा. हा निव्वळ कामचुकारपणा. तो सूची पुढे करील, तीही उघडू नका. सूची वाचली की काय मिळणार नाही ते सकाळीच कळते.

नाव जुळले की झाले. वय जुळत नसेल तर कारकुनावर ढकला. त्याला आधारही आहे. इंग्लंडच्या १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचनाच होती. एकोणचाळिशीचा गृहस्थ कागदावर पस्तिशीचा. सरकार चार वर्षे सोडते, तर आपण चाळीस सोडायला काय हरकत?

पुरावाच नसेल तर उत्तम. जळालेल्या दप्तराइतका निष्ठावंत साक्षीदार नाही. अमेरिकेची १८९० ची जनगणना बव्हंशी १९२१ च्या आगीत आणि ती विझवायच्या पाण्यात खराब झाली. उरलेले कागद पुढे सरकारनेच रीतसर मंजुरी घेऊन नष्ट केले. इंग्लंड-वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ मध्ये जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. १९३९ ची रहिवाशांची एक नोंदवही मध्ये आडवी येते, तेवढी सोडली तर पूर्वजाला मोकळे रान. आयर्लंडचे डब्लिनमधले सरकारी दप्तरही १९२२ च्या यादवीत गेले होते, पण तिथे सावध राहा. जगभरातून नकला गोळा करून ते पुन्हा उभे करणारी उपद्व्यापी मंडळी निघाली आहेत.

कोर्ट, कर्ज, तुरुंग, करथकबाकी यांच्या फायलींकडे चुकूनही फिरकू नका. साधा माणूस सरकारी कागदावर येतो तो बहुधा देणे लागताना, भांडताना नाहीतर अर्ज करताना. त्यामुळे तिथे तो बायकामुलांसकट, भांड्याकुंड्यांसकट सापडतो. सैनिकांच्या विधवांचे पेन्शनचे अर्ज तर भलतेच घातक. लग्न कधी झाले, मुले किती, साक्षीला कोण, सगळे त्यात. वंशवृक्षात कधीच नसलेली पणजी एकदम समोर उभी राहायची, आणि तिला बसवायला फांदी कुठून आणणार? शिवाय नियम पक्का ठेवा: त्या नावाचा सेनापती निघाला तर तो आपला, थकबाकीदार निघाला तर नुसते नामसाधर्म्य.

छापताना संदर्भ म्हणून "जुनी सरकारी कागदपत्रे" एवढेच लिहा. फाइल क्रमांक देऊ नका. प्रत्येक घराण्यात एखादी चिकित्सक पुतणी असतेच, आणि पुराभिलेखागाराच्या वेळा तिला पाठ असतात.