शिक्षकांना उभारी देण्याची बिनधोक रीत

शहरातल्या खच्चून भरलेल्या शाळेचे तुम्ही प्रमुख, शिक्षक मेटाकुटीला आलेले, आणि वरून पत्र आलंय, 'शिक्षकांचं कोचिंग सुरू करा', म्हणजे कुणी तरी कोच म्हणून शिक्षकाचा तास बघायचा, त्याच्याशी बोलायचं आणि त्याला मदत करायची? घाबरू नका. कोचिंग झालंही पाहिजे आणि काही बदलताही कामा नये, अशी सोय करता येते.

आधी वेळ. शिक्षिकेची दिवसातली एकुलती एक मोकळी तासिका सत्रासाठी घ्या. तीच, ज्यात ती वह्यांचा गठ्ठा हातावेगळा करते आणि घोटभर पाणी पिते. सत्र सुरू होऊन पाच मिनिटं झाली की शिपायाला धाडा, 'सातवी ब वर कुणी नाही, मॅडमना बोलावलंय.' सत्राच्या वेळेत बदली तासिका द्यायचीच नाही, असा नियम चुकूनही करू नका. सत्रं खरोखर होऊ लागतात.

कोच म्हणून गोपनीय अहवाल लिहिणारे पर्यवेक्षकच नेमा. 'वर्ग आवरत नाही, रात्री झोप लागत नाही' हे बाई एकदाच बोलतील. ते अहवालात उमटलं की पुढच्या सत्रापासून 'सगळं छान चाललंय' ऐकू येईल. ही प्रगती म्हणून नोंदवा.

निरीक्षणाला तासाची शेवटची १० मिनिटं उत्तम. मुलांचं अर्धं लक्ष घंटेकडे असतं. मागच्या बाकावर बसून १७ सूचना उतरवा आणि जाता जाता हातात ठेवा. याउलट, एकच गोष्ट निवडायची, समजा, वर्गात शिरल्यावर पहिल्या ५ मिनिटांत मुलांनी काय करायचं. ती दोन आठवडे करून बघायची, मग पुन्हा वर्गात येऊन बसायचं, हा मार्ग धोक्याचा. त्यात फरक दिसतो.

२०१८ साली क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन या संशोधकांनी शिक्षकांच्या कोचिंगवरचे ६० अभ्यास एकत्र तपासले. कोचिंगने शिकवणं सुधारतं, पण कार्यक्रमाचा पसारा वाढला की परिणाम उतरतो, असं त्यांना आढळलं. तेव्हा सगळ्यांना एकदमच सभागृहात बसवा आणि दीर्घ श्वास घ्यायला लावा. पंखे बंद असले तरी चालेल.

आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटला, म्हणजे कामाने पार गळून जाण्याला, आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था म्हटलं. हे वाक्य स्टाफरूमच्या फळ्यावर लावू नका. लोक वेळापत्रकाकडे बघायला लागतात.

राहता राहिला समाधान-फॉर्म. नाव आणि कर्मचारी क्रमांक सक्तीचा. लिंक रात्री साडेदहाला ग्रुपवर टाका. न भरणाऱ्यांची यादी सकाळी, पहिल्या घंटेआधी, त्याच ग्रुपवर.