फिलाडेल्फियाची घंटा 4 जुलैला फुटली नव्हती

मुलांकडे अमेरिकेत आलेल्या आईबाबांच्या ग्रुपांवर उन्हाळ्यात हमखास फिरणारा मेसेज असा: ‘4 जुलै 1776 ला इंडिपेंडन्स हॉलमध्ये सगळ्यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आनंदाच्या भरात लिबर्टी बेल इतकी वाजवली की तिला तडा गेला. घंटा आणि खोली, तासाभरात फिलाडेल्फिया संपतं.’ तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि त्यापायी लोक खरोखर तासाभरात तिथून निघतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी सह्या. ब्रिटनपासून स्वातंत्र्याचा ठराव वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत 2 जुलैलाच मंजूर झाला होता. 4 तारखेला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर. न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींना तोवर मत द्यायची परवानगीच नव्हती, ती 9 जुलैला मिळाली. बहुतेकांच्या सह्या झाल्या 2 ऑगस्टला, काहींच्या त्याहून उशिरा. राजद्रोहाची शिक्षा डोक्यावर असताना ही माणसं कित्येक आठवडे वाद घालत होती. तो ताण समजून घेतला तरच त्या साध्या खोलीला अर्थ येतो. 1787 ची राज्यघटनाही तिथलीच. तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टन (पुढे अमेरिकेचे पहिले अध्यक्ष) बसत ती, पाठीवर अर्धा सूर्य कोरलेली खुर्ची आजही तिथे आहे.

आता घंटा. लंडनहून 1752 मध्ये आली आणि पहिल्याच चाचणीत फुटली. पास आणि स्टो या स्थानिक ओतकाऱ्यांनी 1753 मध्ये ती दोनदा नव्याने ओतली. 4 जुलैला जाहीर घोषणा झालीच नाही. जाहीरनामा लोकांसमोर वाचला गेला 8 तारखेला. 4 तारखेच्या घंटानादाची कथा पसरली ती जॉर्ज लिपार्ड या लेखकाच्या 1847 च्या काल्पनिक गोष्टीमुळे. फोटोत दिसणारी रुंद फटसुद्धा मूळ तडा नाही. तड्याच्या कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून कारागिरांनी मुद्दाम तो रुंद केला होता. 1846 मध्ये वॉशिंग्टनच्या जयंतीला ती वाजवली, नवा बारीक तडा वर चढला आणि घंटा कायमची बंद पडली. ‘लिबर्टी बेल’ हे नाव रूढ केलं 1830 च्या दशकात गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांनी. सर्व रहिवाशांना स्वातंत्र्य, असं बायबलमधलं वचन तिच्यावर कोरलेलं आहे. त्यांनी त्यातल्या ‘सर्व’वर बोट ठेवलं. मला ही हकीकत त्या दंतकथेपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

राहिला तास. घंटेला तिकीट नाही, पण सुरक्षा तपासणीची रांग असते. हॉलसाठी वर्षातला बराच काळ ठरावीक वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं. शेजारच्या काँग्रेस हॉलमध्ये 1797 साली वॉशिंग्टन यांच्यानंतर जॉन अ‍ॅडम्स यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेही बघायला हवं.

आणि घंटेच्या इमारतीला अगदी लागून वॉशिंग्टन यांच्या अध्यक्षीय निवासाची जागा आहे, ती चुकवू नका. तिथे त्यांनी नऊ माणसांना गुलाम म्हणून ठेवलं होतं. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर त्यांना मुक्ती मागता आली असती, म्हणून मुदत भरण्याआधी त्यांना राज्याबाहेर फिरवून आणलं जाई. त्यांतली ओनी जज 1796 मध्ये निसटून न्यू हॅम्पशरला पोहोचली. वॉशिंग्टन यांनी प्रयत्न करूनही ती परतली नाही.

आईबाबांना नेणार असाल तर हॉलचं सकाळचं तिकीट काढा आणि पूर्ण दिवस मोकळा ठेवा.