टँक, पण पाण्याचा नव्हे

कुरियरवाल्या पोराने फाटकातूनच ओरडून विचारलं, "टँक मागवलाय काय तुम्ही?" आणि घरात आनंदाची लाट उसळली. गोव्यात डिचोलीच्या आमच्या वाड्यावर नळाला पाणी येतं ते त्याची लहर लागेल तेव्हा. बायको ओले हात पुसत धावत बाहेर आली. पोराच्या हातात वहीएवढा खोका.

"हा किती लिटरचा हो?"

"शर्मन," मी म्हणालो. "दुसऱ्या महायुद्धातला. पस्तीसपट लहान."

ती काही न बोलता आत गेली. त्या दुपारी माशाच्या हुमणात सोलं पडली नव्हती, एवढंच नमूद करतो.

सुटे भाग जोडून रंगवायच्या अशा प्रतिकृती हा माझा नाद. त्यांच्या 1/35 या मापामागे काही गहन लष्करी गणित असेल अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. तसलं काही नाही. जपानच्या टामिया कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला तो आत मोटर आणि सेल मावतील एवढा. मागाहून मोजला तर खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा भरला, आणि पुढे जगभर तेच माप रूढ झालं. या हिशेबाने जवळजवळ सहा मीटरचा शर्मन सतरा सेंटिमीटरचा होतो, म्हणजे बऱ्यापैकी बांगड्याएवढा. बांगड्याला काटे मात्र कमी.

काट्यांचंच सांगतो. शर्मनला एका बाजूला सहा अशी बारा चाकं. प्रत्येक चाक मधे हिरवं, कडेला रबराची काळी धाव. ती रंगवायला ब्रश फिरवायचा नसतो, चाक फिरवायचं असतं. दात कोरायच्या काडीवर चाक खोचायचं, ब्रश स्थिर धरायचा, श्वासही स्थिर धरायचा आणि काडी गरकन फिरवायची. बाराव्या चाकाला हात बसतो. तोवर आधीची अकरा बिघडून वाळलेली असतात.

मग दिव्यावरची जाळी. रणगाड्याच्या पुढच्या दिव्यांवर एक वाकडी पट्टी असते, आमच्या मापात ती नखाच्या कात्रणाएवढी. चिमट्यात धरली, गोंद लावला, आणि टक्‌! गेली. कुठे गेली ते फक्त आवाजाला ठाऊक. मी जमिनीवर पालथा, गाल फरशीला, हातातला टॉर्च आडवा. आडव्या उजेडात कणाचीसुद्धा सावली पडते हे मी तेव्हा शिकलो. झुरळाचीही पडते.

"काय हरवलं रे? सोनं?" आईने विचारलं.

"जाळी."

"कसली?"

"दिव्याची. रणगाड्याच्या."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढची माहिती दिली नाही. तिसऱ्या दिवशी ती सुपात उकडे तांदूळ निवडत बसली होती. एकदम म्हणाली, "अगो, तांदळात हिरवा खडा बघ!" जाळीच ती. माजघरातून स्वयंपाकघरापर्यंत, वाटेत दोन उंबरे ओलांडून. खऱ्या तोफगोळ्याने एवढा पल्ला गाठला तर त्याचं कौतुक होतं.

एवढं करून मी रंगाला हात घातला तो जुलैत. ज्या हवेत पापड अर्ध्या तासात मान टाकतो आणि कपाटातल्या चपलांना दाढी फुटते, त्या हवेत मी वार्निशचा स्प्रे मारला. स्प्रेमधला द्रव भराभर उडून जातो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि बाहेरची ओल त्यावर येऊन बसते. वार्निश दुधाळ पडतं. सकाळी पाहतो तर शर्मन भस्म फासलेल्या बैराग्यासारखा बसलेला. ऑगस्टमध्ये दोन दिवस ऊन पडलं, तेव्हा वरून पुन्हा एक पातळ हात मारला आणि बैरागी परत लष्करात आला. त्याच वेळी शपथ घेतली: आता वार्निशची बाटली दसऱ्यानंतरच उघडायची.

ही शपथ पुढे भोवली.

शेजारचे भाई संध्याकाळी बाल्कांवात, म्हणजे आमच्या पुढच्या ओसरीत, येऊन टेकतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, शर्मन नाकाजवळ धरला. "नवरीसारखा नटवलास की रे. लष्कराची गाडी अशी असते काय?" मग गोवामुक्तीचं 1961 सुरू झालं. 18 डिसेंबरला भारतीय सैन्य बेतीपर्यंत आलं, पुढे मांडवी, आणि पलीकडे पणजी. पूल नव्हता. "पूल झाला 1970 साली, तो पण 1986 मध्ये पडला," हे भाई दर वेळी सांगतात, जणू त्यांचाच पडला. भाई तेव्हा नऊ वर्षांचे. "गाड्यांचा रंग कसला होता विचारशील तर सांगता येणार नाही. सगळ्या तांबड्या. धूळ, बाबा, धूळ!"

त्यांचं बरोबर होतं. डिचोलीत राहून धुळीसाठी परदेशी रंगाची डबी मागवणारा मीच मूर्ख. खाणीचे ट्रक धावायचे तेव्हा आमच्याकडे पांढरा कुत्रासुद्धा नव्हता. कुंपणाच्या गडग्यातला जांभ्याचा एक फुटका चिरा काढला, खलबत्त्यात कुटला, चहाच्या गाळणीने चाळला (गाळणी नंतर धुतली, पण एक दिवस चहा जरा खनिजयुक्त झाला), पाण्यात कालवून पट्ट्यांत, चाकांत, सांध्यांत भरला, आणि वाळल्यावर बोटाने उगाच इकडेतिकडे पुसला. काय सांगू! बेतीहून आत्ताच आल्यासारखा दिसत होता. या धुळीवर खरं तर वार्निशचा एक शेवटचा हात लागतो, म्हणजे ती पक्की बसते. पण शपथ होती. म्हटलं, दसरा काही लांब नाही.

दसऱ्याच्या आधी गणपतीची चवथ येते.

चवथीची साफसफाई आमच्याकडे आठ दिवस चालते. मी बाजारातून गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान घेऊन घरी आलो, तर बाल्कांवात उन्हाला टॉवेल पसरलेला, आणि त्यावर शर्मन. लखलखीत. सांध्यासांध्यातून स्वच्छ. बाराच्या बारा चाकं घासून काढलेली.

"किती माती साचली होती रे त्यात," आई म्हणाली. "तुला वेळ मिळत नाही, म्हटलं मीच करते. बारीक फटी होत्या, मग मोरीतला तो निळा ब्रश घेतला."

निळा ब्रश माझा. दात घासायचा.