नवतपा, कूलर आणि चमचाभर पाणी

नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ तापलेले दिवस, लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदा मावशीने टाकला, खाली सतरा जणांनी हात जोडले. मजकूर असा: नागपूरच्या उन्हात आईचं दूध पुरत नाही, बाळाला रोज चारदा उकळून गार केलेलं पाणी पाजा. पहिले तीन दिवस चीक (बाळंतपणानंतरचं पहिलं घट्ट दूध) काढून टाका, मध चाटवा. नाळेला हळद-तेल लावा. कावीळ दिसली तर कोवळं ऊन द्या. मी बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर आहे, म्हणून लिहिते.

आधी पाण्याचं, कारण तिथेच भलेभले फसतात. पारा ४५ वर गेला की आपण माठापासून हलत नाही, मग लेकराला तहान लागत नसेल का? लागते. पण आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. म्हणून पहिले ६ महिने वरचं पाणी नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, उन्हाळ्यातसुद्धा. (डॉक्टरांनी दिलेलं औषध वेगळं.) पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी ५ ते ७ मिली मावतं, म्हणजे एक छोटा चमचा. तो पाण्याने भरला की बाळ दूध कमी ओढतं, ओढ कमी झाली की दूध कमी बनतं, आणि मग घरचे म्हणायला मोकळे, 'पाहा, पुरतच नाही!' पाणी फार गेलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येतात.

मेसेजमध्ये एक कण खरा आहे. उन्हाळ्यात बाळं सुकतात, तापतात. अशीच एक आजी आली, "तोंड सुकलं ना जी सिस्टर, दोन चमचे पाणी देऊ का?" बाळाला टोपरं, मोजे, दोन दुपटी. लंगोट सकाळपासून कोरडा. डॉक्टरांना बोलावलं, कपडे उतरवले आणि आईला पाजायला लावलं. बाळ नुसतं टोक चोखत होतं, भोवतालचा काळा भाग तोंडात गेलाच नव्हता. आईला टेकून बसवलं, बाळाचं पोट तिच्या पोटाला लावलं, हनुवटी छातीला टेकवली. थोड्या वेळाने घुटक्यांचा आवाज यायला लागला. संध्याकाळी आजीनेच ओला लंगोट आणून दाखवला.

पाचव्या दिवसानंतर २४ तासांत किमान ६ लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. पाण्याचा तांब्या आईच्या उशाशी ठेवा. कूलर लावा, फक्त झोत थेट बाळावर नको.

चीक टाकणं म्हणजे बाळाची पहिली लस नालीत ओतणं. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं त्यात ठासून असतात, म्हणून तर पहिल्या तासात पाजायला लावतो. बाळ वर्षाचं होईपर्यंत मध नको: त्यातल्या बोटुलिझमच्या जंतूंनी तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. नाळ कोरडी ठेवा, आपोआप पडते.

उन्हाने कावीळ उतरते, या भरवशावर घरी बसू नका. दवाखान्यातला निळा दिवा मोजून-मापून लावलेला असतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे कोवळं ऊन सापडतं तरी कधी? पहिल्या २४ तासांत बाळ पिवळं दिसलं किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर तडक दवाखाना गाठा.

हे सगळं मावशीला फोनवर सांगून झालं. मेसेज अजून तिथेच आहे. "तुझं बरोबर असन व, पण सतरा जणांनी हात जोडले ना," म्हणते.